ध्वनिमुद्रिकेचा पाठ आणि घरगुती श्रवण

१

महाराष्ट्रातील संगीताचा विसाव्या शतकातील इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे साधनांचे दोन वर्ग येतात. पहिला वर्ग लिखित साधनांचा होय. चरित्रे, आठवणी, वृत्तपत्रांतील परीक्षणे, नाटकांची पद्यावली, स्वरलिपीची पुस्तके हे सारे त्यात मोडते. दुसरा वर्ग ध्वनिरूप साधनांचा. तबकड्या, फिती आणि त्यांवरून पुढे तयार झालेल्या आवृत्त्या यांचा. लिखित साधनाची पारख कशी करावी याचे शास्त्र येथील विद्यापीठीय परंपरेत चांगले रुजले आहे. बखरीतील विधान जसेच्या तसे कोणी इतिहास म्हणून स्वीकारीत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी अचानक नाहीशी होते. तबकडी ऐकली म्हणजे गायक ऐकला, असे गृहीत धरून आवाजाचा पोत, गायनाचा स्वर, लयीचा वेग आणि उच्चारांची स्वच्छता यांविषयी निर्णय दिले जातात, आणि ते निर्णय ग्रंथाग्रंथांतून पुढे चालत राहतात.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, घरात बसून ऐकलेल्या संगीताची मर्यादा मुख्यतः घरातील यंत्राने नव्हे, तर मूळ ध्वनिमुद्रणाने ठरविलेली असते. तबकडीवर जे उमटलेच नाही ते कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. उलट यंत्र जसजसे सुधारते तसतसे जुन्या मुद्रणाचे दोष अधिक स्पष्ट होतात, ते झाकण्यासाठी मुद्रणात नवे फेरफार केले जातात, आणि त्या फेरफारांनी मूळ साधनाचे रूप आणखी पालटते. मिरज-पुण्याकडील वाड्यांतून चावीच्या ग्रामोफोनवर वाजलेली तबकडी आणि आज थेरगावसारख्या औद्योगिक उपनगरातील सदनिकेत ऐकली जाणारी तिचीच आवृत्ती, या दोहोंमध्ये जे अंतर पडले आहे त्याचा हिशेब मांडल्यावाचून त्या गायकाविषयीचा निर्णय अपुरा राहतो.

२

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग याने ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली; गौहरजान यांची तबकडी त्याच वेळची. त्यानंतर १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना सुरू होईपर्यंत या देशात मुद्रित झालेले गायन जर्मनीतील हानोव्हर येथे तबकड्यांवर छापले जाऊन परत येत असे. या काळातील मुद्रणाच्या पद्धतीत विजेचा उपयोग नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राही किंवा बसे. त्याच्या आवाजाने हवेत उठलेली कंपने कर्ण्याच्या टोकाशी असलेल्या पडद्याला हालवीत आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर ती कोरीत असे. आवाजाच्या स्वतःच्या जोरावाचून दुसरी कोणतीही शक्ती या कामी नव्हती.

या पद्धतीने स्थूलमानाने सेकंदाला २०० पासून २,५०० पर्यंत कंपने असलेले ध्वनीच समाधानकारकपणे उमटत. हिंदुस्थानी गायनाच्या दृष्टीने याचे परिणाम फार दूरगामी झाले. पहिला परिणाम तंबोऱ्यावर झाला. तंबोऱ्याचा ध्वनी मुळातच सौम्य. शिवाय त्याचे वैशिष्ट्य जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांच्या दाट समूहात असते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात, तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे हे उपस्वर सामान्य तारेच्या नियमापलीकडे कसे समृद्ध होतात, हे दाखवून दिले. कर्ण्याच्या मुद्रणात यांपैकी फारच थोडे पोहोचले. परिणामी ज्या संगीताचा पायाच षड्जाच्या अखंड सान्निध्यात आहे, ते संगीत घरातील पहिल्या श्रोत्यांना जवळजवळ तंबोऱ्यावाचून ऐकावे लागले. त्याच्या जागी जवळ ठेवलेली बाजाची पेटी ठळकपणे ऐकू येई. पेटीच्या साथीचे महत्त्व त्या काळी प्रत्यक्ष मैफलीत किती होते, याचा अंदाज केवळ तबकड्यांवरून बांधणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरा परिणाम तालवाद्यावर झाला. डग्ग्याचा घुमारा २०० कंपनांच्या बराच खाली असतो. तो बहुतांशी गळाला आणि तबल्याच्या चाटीचा कोरडा आघात तेवढा उरला. तिसरा परिणाम पुरुषांच्या आवाजावर झाला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जाची कंपनसंख्या सुमारे १३८ असते. म्हणजे कर्ण्याच्या खालच्या मर्यादेच्या ती खाली पडते. श्रोत्याचा कान वरच्या उपस्वरांवरून तो मूळ स्वर मनातल्या मनात जुळवून घेतो, त्यामुळे स्वर चुकल्यासारखा वाटत नाही. पण आवाजाचे भरीवपण नाहीसे होऊन तो पातळ आणि किंचित सानुनासिक भासतो. काळी चारच्या आसपास गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज २०० च्या थोडा वरच असतो, त्यामुळे स्त्रीकंठाची या पद्धतीत तुलनेने कमी हानी झाली. आरंभीच्या तबकड्यांतील एखाद्या गायकाचा आवाज 'किरटा' होता असे लिहिण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

चौथा परिणाम शब्दांवर झाला आणि मराठी नाट्यसंगीताच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. 'स'च्या उच्चारातील घर्षणध्वनीचा मोठा अंश ४,००० कंपनांच्या वर असतो. 'श'मधील त्याहून काहीसा खाली. कर्ण्याच्या कक्षेत यांतील बराच भाग आलाच नाही. १८८० मध्ये पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून पदातील शब्द स्पष्ट कळणे ही मराठी प्रेक्षकाची मूलभूत अपेक्षा राहिली होती, आणि नेमकी तीच अपेक्षा तबकडी पुरी करू शकत नव्हती. असे असूनही घरोघर पदांच्या तबकड्या आवडीने ऐकल्या गेल्या, याचे कारण तंत्रात नसून श्रोत्यांत शोधावे लागते. ज्याने नाटक पाहिले होते, ज्याच्याजवळ छापील पद्यावली होती, त्याला पद तोंडपाठ असे. तबकडी त्याला गाणे कळवीत नसून गाण्याची आठवण देत होती. जे गळले होते ते त्याची स्मृती भरून काढी. पुढील पिढ्यांच्या श्रोत्याजवळ ती स्मृती नाही. म्हणून तीच तबकडी आज्याला तृप्त करणारी आणि नातवाला दरिद्री वाटणारी ठरली, तर त्यात विसंगती नाही.

येथे घरगुती यंत्राविषयीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. चावीच्या ग्रामोफोनची ध्वनिपेटी आणि कर्णा यांची कक्षा मुद्रणाच्या कक्षेसारखीच अरुंद होती. त्यामुळे तबकडीवरील लाखेच्या मिश्रणाची खरखर, जी प्रामुख्याने वरच्या कंपनांत असते, तीही त्या यंत्रातून पुष्कळशी गाळली जाई. साधन आणि यंत्र या दोहोंच्या उणिवा परस्परांना जुळत्या होत्या, आणि त्या काळच्या श्रोत्याच्या समाधानाचे एक कारण हेही होते.

३

१९२५ मध्ये पाश्चात्त्य देशांत विद्युत्-मुद्रणाचा व्यापारी अवलंब झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही पद्धत भारतात आली. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. वरची मर्यादा ५,००० कंपनांपर्यंत किंवा त्याहून पुढे सरकली, खालची १०० पर्यंत उतरली; परंतु याहूनही मोठा फरक असा की गायकाला आता जोर करावा लागेना. हलका सूर, स्वरावरील सूक्ष्म आंदोलन, श्वासाचा स्पर्श हे सारे मुद्रणाच्या आवाक्यात आले.

या बदलाचे परिणाम तपासण्यासाठी महाराष्ट्रात एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे, ते म्हणजे मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांचे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका दोन कालखंडांतील आहेत. पहिला गट १९०५ च्या सुमाराचा, कर्ण्यासमोर गायिलेला. दुसरा १९३४ नंतरच्या वर्षांतील, ओडियनच्या छापाचा, मायक्रोफोनसमोर गायिलेला. दोन्ही गट एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला दोन भिन्न गायक ऐकल्यासारखे वाटते. पहिल्यात आवाज जोमदार, ताना वेगवान. दुसऱ्यात स्वर लांबविलेला, कोमल, करुण. यावरून खाँसाहेबांच्या गायकीत तीस वर्षांत मोठे परिवर्तन झाले, असा निष्कर्ष सहज काढला जातो.

हा निष्कर्ष सर्वस्वी खोटा आहे असे नाही. तेहतिशीतील गायक आणि साठीतील गायक यांच्या गळ्यात व दृष्टीत फरक पडणे स्वाभाविकच होय. परंतु दिसणाऱ्या फरकाचा एक भाग गायकाचा आणि एक भाग यंत्राचा आहे, आणि या दोहोंची फोड केल्यावाचून परिवर्तनाचे मोजमाप होऊ शकत नाही. कर्ण्यासमोर हलका सूर लावणे म्हणजे मेणावर काहीच न उमटणे. अशा परिस्थितीत गायकाने जे उमटेल तेच गायिले असेल, तर १९०५ च्या तबकड्यांतील जोम हा त्याच्या गायकीचा गुण म्हणावा की कर्ण्याची अट म्हणावी? आवाजाच्या पोताविषयीचे अनुमान यामुळे दुबळे ठरते. रागाची मांडणी, तानेची बांधणी, बंदिशीतील लयीशी खेळण्याची रीत यांविषयीची अनुमाने मात्र बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात, कारण त्यांचा आधार कर्ण्याच्या कक्षेत येणाऱ्या स्वरांवरच आहे. एकाच साधनाचे काही साक्षीभाग ग्राह्य आणि काही अग्राह्य असू शकतात, हा इतिहासशास्त्रातील परिचित नियम येथेही लागू पडतो.

विद्युत्-मुद्रणाने एक नवी अडचणही आणली. खालची कंपने पूर्ण जोराने कोरली तर खाच शेजारच्या खाचेत घुसे. म्हणून मुद्रण करताना ती मुद्दाम क्षीण करीत आणि वाजविताना ती तितक्याच प्रमाणात वाढवावी लागत. किती क्षीण करावयाची व कोणत्या कंपनसंख्येपासून, याचे प्रमाण कंपन्यांनुसार आणि काळानुसार भिन्न होते. साधारण एकच प्रमाण रूढ झाले ते १९५० नंतरच्या दशकात. तेव्हा जुनी तबकडी नव्या यंत्राच्या प्रमाणाने वाजविली तर आवाज वाजवीपेक्षा जाड किंवा वाजवीपेक्षा कोरडा होतो. श्रोता त्याचे श्रेय वा दोष गायकाला देतो.

४

याहून गंभीर प्रश्न गतीचा आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते ही समजूत दृढ असली, तरी हे प्रमाण १९२५ नंतर हळूहळू स्थिर झाले. त्यापूर्वीच्या तबकड्या सुमारे ७० पासून ८० च्याही पुढे निरनिराळ्या गतींनी मुद्रित झालेल्या आढळतात. पाश्चात्त्य संगीतात ही चूक शोधणे तुलनेने सोपे असते, कारण रचनेची पट्टी छापील असते आणि वाद्ये ठरावीक स्वराला मिळविलेली असतात. भारतीय संगीतात षड्ज हा गायकाच्या सोयीचा. त्यामुळे तबकडी चुकीच्या गतीने वाजली तरी रागाला बाध येत नाही आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक हिशेब करून पाहता येईल. ७४ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित केलेली बाजू ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर प्रत्येक स्वराची कंपनसंख्या सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे गायन जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढते. काळी एकमध्ये गायिलेले पांढरी दोनमध्ये ऐकू येते. तीन मिनिटांचे गायन २ मिनिटे ५१ सेकंदांत संपते. लय वाढते, तानेची दाणेदार गती चमत्कारिक वाटू लागते आणि आवाजाचा पोतही कोवळा होतो. अमुक गायक अमुक पट्टीत गात असे, किंवा पूर्वीची लय आजच्यापेक्षा जलद होती, अशा प्रकारची विधाने ज्या तबकड्यांच्या आधारे केली जातात, त्यांच्या गतीची खातरजमा झाली होती काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

श्रुतींच्या अभ्यासात मात्र हाच प्रश्न वेगळे वळण घेतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांचा ग्रंथ १९१३ मध्ये आला. या मंडळींच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या प्रत्यक्ष गायनाचे साहाय्य लाभले होते. प्रत्यक्ष गळ्यावर झालेले ते प्रयोग पुन्हा करणे आज अशक्य आहे. म्हणून खाँसाहेबांच्या तबकड्यांवरून श्रुत्यंतरे मोजण्याचा मोह स्वाभाविक ठरतो. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. गती आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी चुकीची असेल, तर सर्व स्वर एकाच प्रमाणात वर किंवा खाली जातात. त्यांची परस्परगुणोत्तरे कायम राहतात आणि श्रुतीच्या मोजणीला बाध येत नाही. परंतु गती मध्येच डळमळत असेल तर ती मोजणी निरर्थक होते.

हे डळमळणे किती असू शकते? तबकडीचे भोक नेमके केंद्रात नसून अर्धा मिलिमीटर बाजूला पडले आहे, असे समजू. बाहेरच्या खाचेची त्रिज्या सुमारे १२० मिलिमीटर. तेथे स्वर ०.४ टक्का वर आणि तितकाच खाली हालतो. आतल्या खाचेची त्रिज्या सुमारे ५० मिलिमीटर. तेथे तोच हेलकावा एक टक्का वर आणि एक टक्का खाली होतो. प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१:८०, म्हणजे अंतर अवघे सव्वा टक्का. याचा अर्थ असा की, तबकडीच्या शेवटच्या भागात केवळ भोकाच्या दोषाने स्वर एका प्रमाणश्रुतीहून अधिक हेलकावू शकतो. घरातील यंत्राची चावी उतरू लागली तर त्यात आणखी भर पडते. असा स्वर मोजून त्यावरून गायकाच्या श्रुतिज्ञानाविषयी बोलणे म्हणजे लेखनिकाच्या कंपावरून ग्रंथकाराचे मन ओळखण्यासारखे आहे.

५

मुद्रणाच्या गुणवत्तेत काळ हाही एक घटक मोजला पाहिजे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते सव्वातीन मिनिटे गायन बसे; बारा इंचीवर सुमारे साडेचार. तासभर उलगडणारा ख्याल या मापात बसविण्यासाठी विलंबित लय गाळावी लागली, आलाप आखडता घ्यावा लागला. केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांनी आपल्या कलेच्या सादरीकरणाविषयी फार काटेकोर राहून मोजक्याच तबकड्या दिल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठविलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. तिची लांबी सुमारे साडेतीन मिनिटे. ज्या गायिकेची ख्याती दीर्घ दमसासाच्या विस्तारावर उभी होती, तिचे जगापुढील प्रतिनिधित्व जुन्या तबकडीच्या एका बाजूने केले. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांचे तर गायन ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने मागे राहिलेच नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घमुद्रिका आली आणि १९६० च्या सुमारास ती भारतीय शास्त्रीय संगीतासाठीही रूढ होऊ लागली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ मिळाल्याने रागाची बढत घरात ऐकता येऊ लागली. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२) यांच्यासारख्या गायकाच्या आरंभीच्या तीन मिनिटांच्या तबकड्या आणि उत्तरकालीन दीर्घमुद्रिका शेजारी ठेवून पाहिल्यास, केवळ काळाच्या मापाने गायनाचे रूप किती पालटते हे ध्यानात येते.

याच सुमारास चुंबकीय फीत आली आणि तिने गुणवत्तेच्या कल्पनेतच फूट पाडली. १९५३ मध्ये पुण्यास आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व (१८८६-१९५२) यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सवाचा प्रारंभ केला. मैफली आणि महोत्सव यांतील गायन रसिकांनी फितींवर उतरवून घेतले आणि त्या फितींच्या नकलांच्या नकला घरोघर फिरल्या. या मुद्रणांत पंख्याची घरघर, श्रोत्यांची दाद, मायक्रोफोनपासून दुरावलेला आवाज हे सर्व दोष आहेत. पण त्यांत पूर्ण वाढलेला राग आहे, श्रोत्यांसमोर खुललेला गायक आहे. त्याउलट स्टुडिओतील तबकडीत स्वर निर्मळ, पण राग आखूड. कोणते मुद्रण चांगले, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आवाजाच्या पोतासाठी तबकडीची साक्ष घ्यावी आणि विस्तारासाठी फितीची, हेच न्याय्य होय.

६

फितीचा खरा प्रसार मात्र कॅसेटने केला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेली कॅसेट भारतात १९८० नंतर सर्वदूर पोहोचली. याच काळात पुण्याच्या वायव्येस एक नवी वस्ती आकार घेत होती. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून पिंपरी परिसरात उद्योग वाढत गेले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पवनेच्या काठी, चिंचवडगावाच्या पलीकडच्या तीरावरील थेरगाव या विस्तारात शेतीच्या गावाचे उपनगर बनले. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून कामासाठी येथे आलेल्या कुटुंबांत ज्यांच्या घरी ग्रामोफोन कधी नव्हता, अशांची संख्या मोठी असणार. त्यांच्या दृष्टीने संगीत घरी आणणारे पहिले स्वस्त साधन म्हणजे रेडिओ आणि त्यानंतर कॅसेट. भजन, अभंग, लोकगीत, नाट्यपद आणि ख्याल एकाच यंत्रावर वाजू लागले. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी शास्त्रीय गायनाच्या कॅसेटी काढून मैफलीतील संगीत सामान्य श्रोत्यापर्यंत नेले.

कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि तिची गती सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर, त्यामुळे सुरसुर अधिक आणि वरची कंपने क्षीण. जुन्या तबकडीवरून कॅसेटवर आलेल्या गायनात दोन्ही साधनांचे दोष एकत्र झाले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने हे दोष दूर केले. पण तिने जुन्या मुद्रणाची अडचण वाढविली. वीस हजार कंपनांपर्यंत पोहोचणाऱ्या स्पीकरवर १९१० सालची तबकडी वाजविली असता, २,५०० च्या वर गायकाचे काही नसतेच. तेथे असते ती निव्वळ खरखर. पूर्वीच्या कर्ण्याने जी झाकली होती तीच आता घरभर पसरते. ती सहन होईना म्हणून नव्या आवृत्त्यांच्या संपादकांनी गाळणीचा उपयोग केला. गाळणी हलकी असेल तर उपकारक ठरते. कडक असेल तर खरखरीबरोबर व्यंजनांचे शिल्लक राहिलेले स्पर्श आणि स्वराची धारही जाते. श्रोत्याला आवाज 'स्वच्छ' वाटतो. प्रत्यक्षात तो धुऊन विटलेला असतो.

घराची रचनाही यात भाग घेते. थेरगावातील सदनिकेत आढळणारी दहा फूट रुंद, बारा फूट लांब खोली घेतली, तर गिलावा केलेल्या कठीण भिंतींमध्ये ध्वनी उलटसुलट परावर्तित होऊन सेकंदाला सुमारे ४७ आणि ५६ कंपनांच्या आसपास विशेष घुमतो. विजेच्या प्रवाहाची ५० कंपनांची गुणगुण नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते. जुन्या तबकडीवर या पातळीत संगीत नाही. परंतु नवी आवृत्ती तयार करताना यंत्रातून ही गुणगुण शिरली असेल, तर मोठ्या स्पीकरवर ती खोली तिला उचलून धरते. तंबोऱ्याचा खर्ज ऐकू आला असे श्रोत्याला वाटावे आणि ती विजेची गुणगुण असावी, हे केवळ तर्कात राहणारे उदाहरण नव्हे. महागडे यंत्र घेणाऱ्याला मिळणारा लाभ, अशा रीतीने, मुद्रण ज्या मर्यादेपर्यंत चांगले असेल तेथवरच मिळतो. त्यापुढे यंत्र गायकाऐवजी तंत्रज्ञाची कामगिरी ऐकवू लागते.

पुढील टप्पा संगणकीय संक्षेपाचा. कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला सुमारे १,४११ हजार बिट् लागतात. आंतरजालावर दीर्घ काळ रूढ असलेल्या एमपी३ आवृत्तीत केवळ १२८ हजार, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा. एका ध्वनीच्या आड दुसरा झाकला जातो, या तत्त्वावर उरलेले टाकून दिले जाते. पण तंबोऱ्याचे काम आड राहूनच वातावरण भरण्याचे असल्यामुळे, कडक संक्षेपाचा पहिला घाव पुन्हा त्याच्याच वरच्या उपस्वरांवर पडतो. शंभर वर्षांपूर्वी कर्ण्याने जे वगळले तेच निराळ्या कारणाने पुन्हा वगळले जावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

७

या सर्व विवेचनातून निघणारा मार्ग पुण्याच्या विद्वत्परंपरेला नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्या तत्त्वावर उभी आहे, तेच तत्त्व येथे लावावयाचे आहे. मूळ तबकडी ही पोथी. तिच्यावरून निघालेली दीर्घमुद्रिका, कॅसेट, डिस्क आणि संगणकीय आवृत्ती या उत्तरोत्तर नकला. चुकीची गती, चुकीचे प्रमाण, कडक गाळणी, तोडलेला शेवट हे लेखनिकप्रमाद. आरंभीच्या तबकड्यांच्या शेवटी गायक आपले नाव उच्चारी, ते हानोव्हरच्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. ते नाव आणि तबकडीच्या मध्यभागाजवळ कोरलेला साचा-क्रमांक ही त्या पोथीची पुष्पिका होय. पुष्पिका न पाहता पोथीचा काळ ठरविणारा अभ्यासक जितका असावध, तितकाच साचा-क्रमांक न पाहता तबकडीविषयी लिहिणारा.

अशा कामाला लागणारी साधने काही अंशी उपलब्ध आहेत. १९८२ मध्ये पुण्यात स्थापन होऊन पुढे दिल्लीस आणि नंतर गुरुग्रामला गेलेले लोकसंगीतशास्त्राचे अभिलेखागार, तसेच १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था, यांनी संग्रह आणि सूचीकरण यांचे मोलाचे काम केले आहे. संगीताच्या इतिहासावरील प्रबंधांत याचा उपयोग होण्यासाठी किमान चार गोष्टी नमूद करण्याची शिस्त पडावयास हवी: कोणती तबकडी किंवा कोणती उत्तर आवृत्ती ऐकली; तिची गती कशावरून निश्चित केली; कोणते प्रमाण व कोणती गाळणी वापरली गेली; आणि काढलेले अनुमान त्या मुद्रणाच्या कक्षेत बसते की नाही. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्ण्याच्या काळातील तबकडीवरून बंदिशीच्या पाठाविषयी, तानेच्या आकृतीविषयी लिहावे. आवाजाच्या गोडव्याविषयी लिहू नये. वेगाविषयी लिहावयाचे तर आधी गती सिद्ध करावी.

या शिस्तीवर एक आक्षेप संभवतो. भीमसेन जोशी यांनी बालपणी अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून गायक होण्याचा ध्यास घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. खरखरणाऱ्या तबकडीने जर एवढे केले, तर तिच्या गुणवत्तेची इतकी चिकित्सा कशाला? आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. संगीताचा संस्कार होण्यास उत्तम मुद्रण अपरिहार्य नाही. स्वराची दिशा कळली की जाणता कान उरलेले शोधीत जातो. पण प्रेरणा घेणे आणि निर्णय देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रेरणा घेणाऱ्याने पुढे गुरूच्या घरी वर्षानुवर्षे प्रत्यक्ष गळा ऐकून तबकडीची उणीव भरून काढली. निर्णय देणाऱ्या इतिहासकारापुढे तो गळा नाही.

भास्करबुवा आणि अल्लादिया खाँ यांच्याविषयी लिहिताना प्रत्येक अभ्यासक जपून लिहितो. शिष्यांच्या आठवणी आणि समकालीनांचे उद्गार तोलून पाहतो, कारण त्यांचा आवाज आपण ऐकलेला नाही हे त्याला ठाऊक असते. ज्यांच्या तबकड्या आहेत त्यांच्याबाबतीत ही जाणीव राहत नाही. म्हणून ध्वनिमुद्रिका मागे न ठेवणाऱ्या गायकापेक्षा सदोष ध्वनिमुद्रिका मागे ठेवणाऱ्या गायकावर अन्याय होण्याचा संभव अधिक आहे, आणि तो टाळण्याची जबाबदारी ध्वनिमुद्रिकेला साधन मानणाऱ्या प्रत्येक संशोधकावर येते.